शेऱ्याचा रकाना

पारोळा रोडच्या सबस्टेशनात दर तासाला
मी लिहिते: व्होल्टेज, फीडरचे अँपिअर,
तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान.
शेवटी एक अरुंद रकाना, शेरा.
त्यात बहुतेक वेळा आडवी रेघ.

मे महिना. दुपारी तीनला चव्वेचाळीस.
गावठाण फीडर ट्रिप झाला की
आधी ब्रेकरचा धाडकन आवाज,
मग दोन सेकंद काहीच नाही,
मग फोन.
"लाईन कव्हय येई वं बाई?"
"मन्हा पोऱ्यानी परीक्षा शे."
"झोपी गयी का तठे?"
त्यापुढचं लिहिण्यासारखं नाही.
मी म्हणते, लाइनमन गेलाय, अर्धा तास.
इतक्यांदा म्हटलंय
की तेजलनं विचारलं, आई, जेवायला कधी,
तरी तोंडातून तेच निघालं.

रात्री दाढा आवळलेल्या असतात.
कुकरची शिट्टी झाली तरी हात रिसीव्हर शोधतो.
डॉक्टर बिरारी म्हणाले, बीपी आहे, टेन्शन घेऊ नका.
जसं काही मी ते सोमवारच्या बाजारातून
पिशवी भरून आणते.

जळगावला एकदा शिबिर झालं, ताणतणाव व्यवस्थापन.
गार हॉल, कचोरी, नवी कोरी फाइल.
डोळे मिटा, श्वास घ्या, सोडा.
घेतला. सोडला.
पर्समध्ये फोन थरथरत होता;
बाहेर आले तेव्हा एकेचाळीस मिस्ड कॉल.

श्वासाचं मला कुणी शिकवायला नको.
आमचा ट्रान्सफॉर्मरही श्वास घेतो.
लोड चढला की तेल फुगतं, हवा बाहेर;
रात्री निवलं की हवा आत,
आणि तिच्यासोबत ओल शिरू नये म्हणून
बाजूला काचेची बरणी, तिच्यात निळे खडे.
खडे ओल पितात. पिता पिता गुलाबी होतात.
सगळे गुलाबी झाले की समजायचं,
आता त्यांच्यानं होणार नाही.

त्या रात्री दोनला तेल अठ्ठ्याहत्तर,
वाइंडिंग ब्याऐंशी,
आणि शेऱ्यात मी लिहिलं: ऑपरेटर गुलाबी.
लिहून घाबरले. कंपनीचं रजिस्टर, खोडता येत नाही.

सकाळी चार्ज घेताना बागुलनानांनी पान वाचलं,
चष्मा वर सरकवला, बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या रात्री पाहिलं तर
त्यांच्या दुपारच्या ओळीपुढे, बारीक अक्षरात:
मी बी. सालभरफाईन.
खाली ज्युनिअर इंजिनिअरची सही,
न वाचता केलेली, किंवा वाचून.

रविवारी ड्युटी बदलताना
नानांनी आवारातल्या कडुनिंबाखाली तीन विटा मांडल्या,
घरून जुना तवा आणला होता.
बरणीत नवे खडे भरले, जुने भाजायला घेतले.
मी उलथन्यानं हलवत होते,
आणि ते एकदम म्हणाले,
सुपडू खांबावर चढला त्या दिवशी
परमिट मीच दिलं होतं.
सुपडूचा फोटो आत, घड्याळाखाली आहे.
त्याच्याखालीच ते रोज डबा खातात.
मला काही सुचलं नाही. मी हलवत राहिले.
कडेचे खडे आधी निळे झाले,
मधले अजून नव्हते.

आत फोन वाजला. मी उठले.
"वाजू दे," नाना म्हणाले,
"तीन रिंगा व्हवू दे. मंग उचल."
उलथनं हातातच होतं.
एक.
दोन.