चालशे

निहारने ब्लॉक आणला तो सतरंजीत गुंडाळून,
टेम्पोतून, मकरपुऱ्याच्या माझ्या शेडमध्ये.
बाजूला मूठ जाईल एवढं भोक.
तिसऱ्या नंबरचा रॉड तिथून बाहेर डोकावला होता
हालोल रोडवर, पहाटे पाचला.
"टर्बो एकदम ओके आहे, कुमुदबेन," म्हणाला,
जसं घर पडलं, पण वर फडकणारी पताका वाचली.

टर्बोला शिट्टी असते. सिग्नलवरची पोरं वळून बघतात.
क्रँकला काही नसतं.
तेलात, अंधारात, मिनिटाला सहा हजार वेळा
तो स्वतःभोवती फिरतो
आणि कुणी विचारत नाही, बाबा, कसा आहेस.

मोडलेला बोल्ट मी भिंगाखाली धरला.
मान ताणलेली, बारीक झालेली.
कुणीतरी तो आधी एकदा काढला होता,
कापडाने पुसला होता,
आणि "चालशे" म्हणून परत लावला होता.

दुसरा ब्लॉक छाणीच्या भंगारातून.
धुतला, तीनदा. उकळत्या पाण्याने, मग ब्रशने,
तेलाच्या प्रत्येक वाटेत बाटली धुवायचा ब्रश घालून.
जर्नलवर हिरव्या मेणाचा धागा ठेवायचा,
कॅप कसायची, पुन्हा उघडायची,
चिरडलेला धागा किती पसरला ते पट्टीवर वाचायचं.
दोन थाऊ. तेवढ्यात तेलाने राहायचं.
केसभर म्हणायचं नाही इथे.
केस जाड असतो, चिमणभाई पांचाल म्हणायचे,
केसाच्या गोष्टी न्हाव्याने कराव्यात.

होनिंगच्या आधी ब्लॉकवर पोलादी पाटा चढवला,
जाडजूड, हेडच्याच बोल्टांनी, हेडइतकाच कसून.
निहारला कळेना. रिकाम्या ब्लॉकला एवढा जाच कशाला?
अरे, मोकळा असताना भोक गोलच असतं.
कसलं की वाकतं.
म्हणून आधी कसायचं,
आणि कसलेलं असतानाच गोल करायचं.
मग पाटा काढल्यावर वाकडं दिसेल. दिसू दे.
मोकळ्याने त्याला कुठे जगायचंय?
(हे मी एकदा आईला समजावायला गेले होते.
ती म्हणाली, जेवायला बस.)

रिंगच्या दोन टोकांत फट ठेवली, सोळा थाऊ,
छोट्या कानशीने, एकाच दिशेने, बाहेरून आत.
याला फट कमी हवी होती. गॅस गळेल ना?
गळेल थोडा.
पण बूस्टमध्ये रिंग तापते, वाढते,
आणि टोकाला टोक भिडलं
तर पिस्टनचा काठ घेऊनच खाली येते.
वाढणाऱ्याला जागा ठेवावी लागते.
तो खाली बघून मोबाइल चाळत होता,
मला वाटतं ऐकलं नसावं.

नवे बोल्ट. कसण्याआधी लांबी मोजली, कसल्यावर मोजली,
सहा थाऊ ताणला. हाताचा जोर खोटं बोलतो,
दिवसभर वाकून संध्याकाळी तर फारच.
आठातला एक पाचवरच अडला.
निहार कुजबुजला तो शब्द.
मी बोल्ट काढून त्याच्या खिशात टाकला,
घरी ने, पडदे लावायला चालशे.

चिमणभाई आयुष्यात हा शब्द फक्त चहाला म्हणाले.
साखर नसलेल्या.

शनिवारी रात्री, प्लग न लावता, नुसता स्टार्टर.
तेलाच्या काट्याकडे आम्ही दोघं.
पाच सेकंद. सात. काटा मेलेला.
बाहेर कुणाचा तरी प्रेस थांबला, तेवढं ऐकू आलं.
दहा.
मग खालून, कुठूनतरी, तो उठला,
सावकाश, झोपेतून उठणाऱ्या बैलासारखा,
साडेतीनवर जाऊन उभा राहिला.

"हवे चालशे ने, बेन?"

हजार किलोमीटर बूस्ट बंद.
मग ये. तेल काढू, पांढऱ्या थाळीत,
उन्हात धरू.
काय चमकतंय ते बघू.