ठसा

हरिपूरच्या पेवांचा हिशेब लिहायचो तेव्हा
अडतीच्या भिंतीवर होतं हे समुद्रमंथन,
लाकडी ठशाचं, काजळलेलं.

देवांचे चेहरे सगळे एकाच साच्यातले.
पण शेपटाकडच्या तिसऱ्याच्या पोटऱ्या बघा:
खोदणाऱ्यानं कधीतरी
दोर ओढलेला असणार.

दस्तगीर हमाल पेवात आधी कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
चित्रापाशी बिडी चोळत एकदा म्हणाला,
"विष वर आलं म्हणता, दिवाणजी,
मग खाली कोण उतरलं होतं?"

मी हळदीची पोती मोजत राहिलो.

ठशाला चीर गेलेली असावी.
छापताना ती पांढरी उमटली,
नेमकी वासुकीला आडवी.
तरी ओढतायत दोन्हीकडून.

त्या दिवशीच्या वहीत, माझ्याच अक्षरात:
दोर, नवा, एक.