नियम चौथा

सेलूच्या जिनिंगमधे पट्ट्यानं आबांचा पाय ओढून घेतला
त्या साली कापसाला भाव बरा होता,
एवढंच आजी सांगायची.
पाय कुठं पुरला ते तिनं विचारलं नाही,
आबांनी सांगितलं नाही.

मग त्याच फाटकावर वॉचमन.
स्टुलावर बसून बैलगाड्या मोजल्या,
पुढं ट्रक मोजले.
एका चैतात कापूस संपला, मशीन गप झाली,
आणि गंजी उचललेली फरशी
पहिल्यांदा उघडी दिसली त्यांना.
"येवढी गुळगुळीत जागा
अख्ख्या परभणी जिल्ह्यात न्हाई.
हितं चाकं पळतील."

गनीभाईच्या वेल्डिंगवर
दोन भंगार सायकली, एक लोखंडी खुर्ची.
चाकं वर जवळ, खाली फाकलेली.
(बैल पाय फाकून उभा ऱ्हायला
की ढकलला तरी पडत न्हाई, हे त्यांचं गणित.)
रुईच्या गाठीला आवळतात ती पट्टी
वाकवून कडं केलं, खांबाला ठोकलं.
चेंडू शाळेतल्या पी.टी.च्या सरांचा,
उसना.
परत दिलाच नाही.

बाजारच्या दिवशी मोंढ्यात बसायचे,
माणसांच्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघत.
वालूरचा लिंबाजी, पोलिओचा.
मैनोद्दीन, ज्याचे दोन्ही रुळावर गेले.
आणि प्रयाग,
पाहुणे आले की जिला दहा वर्षं
आतल्या खोलीत सरकवायचे.
बाप म्हणाला, "लोकं हसतील, मुंजाजी."
"हसू द्या की. तिकीट थोडंच लावलंय?"

लोक हसले. भिंतीवर चढून हसले.
तिसऱ्या आठवड्यात भिंतीवरूनच भांडत होते,
प्रयागचे नऊ झाले की दहा.

जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर
आबांनी पेन्सिलीनं नियम लिहिले.
पहिले तीन खेळाचे.
चौथा:
पडलेल्याला ईचारल्याशीवाय ऊचलू नये.

जालन्याचे आले, लातूरचे आले,
एकदा कुणी साहेब आले, शाल आली, नारळ आला.
फ्लेक्सवर आबांच्या डोक्यावर लिहिलं होतं
'प्रेरणास्थान'.
चांगला जाड फ्लेक्स होता,
चार पावसाळे खुर्च्यांवर झाकला.

गेल्या मार्गशीर्षात न्हाणीत पडले.
एक्याऐंशीचे.
मी धावले, हात पुढं केला
आणि तो तिथंच थांबला,
माझा मलाच.
नळ वाहत होता. कुबडी दाराशी आडवी.

"आबा, उचलू का?"

भिंतीला टेकले. दम खाल्ला.
माझ्याकडं नाही, बादलीकडं बघितलं.
"आधी नळ बंद कर," म्हणाले,
"मग सांगतो."