अभ्रक

इस्त्री तापेना म्हणून
होलुबच्या दुकानात नेली. ब्रनो, एकसष्टचा मार्च,
काउंटरवर डाग देण्याचा वास.
त्याने चार स्क्रू काढले, पत्रा उचलला,
आणि आतून निघालं ते,
तारेच्या वेटोळ्याखाली
करपलेलं, तरी चकाकणारं.

मी हातमोजे काढले नाहीत.

तेरेझीनला आम्ही ह्याची पानं सोडवायचो.
लाकडी बराकीत, लांब बाकांवर,
प्रत्येकीला एक दुधारी सुरी.
खडा हातात घ्यायचा, त्याची कड चाचपायची,
सुरीचं टोक अलगद आत सारायचं
की पान सुटतं. मग त्या पानाचं पान.
मग त्याचंही.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
डोळ्यापुढे धरलं तर मुकादमीण
मधात पडलेल्या माशीसारखी दिसायची.
विमानांना लागतं म्हणत. कुठल्या विमानांना,
ते माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तराजू.
पातळ पान वजनात भरत नाही,
जाड पान चालत नाही:
हे गणित रूझेना तौसिगोवाला शेवटपर्यंत सुटलं नाही,
आणि ती ओलोमोउत्सला मुलींना गणितच शिकवायची.

त्या सप्टेंबरात गाड्या पुन्हा पूर्वेकडे निघाल्या
आणि कानावर आलं, अभ्रकवाल्यांना वगळतात.
वजन भरतं त्यांना.
तेव्हापासून बाकावर कुणी गुणगुणेना.
खसखस पिकली असती अशा गोष्टी
तिथल्या तिथे विरून जायच्या.

बाकाखालून तिने हात पुढे केला.
मूठभर दे गं, उद्या परत करते.
उद्या.
माझ्या ताटलीत मुठीहून जास्त होतं.
मी चार पानं दिली.
मोजून.

होलुब खणात शोधत होता.
नवा तुकडा मिळाला, पण जाड.
बसायचा नाही बाई, म्हणाला,
पुढच्या आठवड्यात या.

द्या इकडे.
हातमोजे काढले. नखाने कड लागली लगेच,
बोटं माझ्याआधी तिथे पोचली होती.
एक. त्याचं एक. त्याचं आणखी एक.
तो चष्मा कपाळावर सारून बघत राहिला.
कुठे शिकलात हो हे?

कारखान्यात.

कुठल्या, ते त्याने विचारलं नाही, किंवा विचारलं असेल.
काउंटरवर चार पानं पडली होती.
एक त्याने चिमट्याने उचलून जागेवर बसवलं,
पत्रा लावला, स्क्रू आवळले,
प्लग घातला, बोट ओलं करून टेकवलं. चुर्रर्र.

आणि ही तीन, तो म्हणाला,
ठेवू की टाकू?