नमुना

आज गुरुवार. पाण्याला सुट्टी.
प्रयोगशाळेत दोन बादल्या भरून ठेवल्यात
आणि टेबलावर नऊशे मीटर पाण्याखालून आलेला मासा,
उंदरासारख्या शेपटीचा.
रत्नागिरीहून रात्रीच्या एसटीने आला, थर्माकोलच्या पेटीत,
स्वारगेटला उतरला तेव्हा बर्फाचं पाणी
कुणाच्या तरी पिशवीवर गळलं होतं.

आतडं उभं चिरलं. मला काही दिसलं नाही.
गवारे म्हणाले, "मॅडम, हा दोरा नाही."

असे अकरा निघाले.
रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं की सोंड बाहेर काढतात.
दहांनी नाही काढली.
एकाने काढली, पहाटे कधीतरी, कुणी बघत नसताना.

आकड्यांचा आकडा: चौदा रांगा, रांगेत नऊ.
तीनदा मोजले. तिसऱ्यांदा एका रांगेत आठच भरले.
तोंड नाही. जठर नाही. आतडं नाही,
दुसऱ्याच्या आतड्यात जन्म काढायचा तर
स्वतःचं कशाला?
कातडीनेच जेवतो.
डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता.

यजमान: मादी, एकतीस सेंटीमीटर.

माझ्या औंधच्या खोलीचे मालक, परचुरे,
पहिल्या दिवशी आडनाव विचारून थांबले,
मग गाव, मग मामाचं आडनाव,
मग म्हणाले, "तसं नाही हो, सहज."
मीही सहजच विचारतेय गेले आठ महिने
भिंगाखालच्या ह्या चार मिलिमीटरला:
तू नक्की कुणातला?
कुणातलाच नाही निघाला.

नाव द्यायचं राहिलं.
गवारे तांब्याने पेट्रीडिश धूत होते, जपून.
त्यांना विचारलं.
"जंताला? माझं?"
बराच वेळ नुसता तांब्या.
मग म्हणाले, "स्पेलिंग कसं करणार?"

अठरा वर्षं त्यांच्या पगाराच्या पावतीवर
गावरे छापून येतंय.
दोन अर्ज केले होते. तिसरा नाही केला.

मी सांगितलं, एकदा छापलं की बदलत नाही,
जगात कुठेही, तसा नियमच आहे.
शेवटी फक्त एक आय लागेल.

त्यांनी हात पुसले, खिशातली पेन्सिल काढली.
पेन्सिलच. शाई अल्कोहोलमध्ये पसरते,
हे मला त्यांनीच शिकवलेलं.
नखाएवढ्या चिठ्ठीवर एकेक अक्षर सुटं लिहिलं,
कुपीत सोडलं.
ते हळूहळू तळाशी गेलं, त्याच्या शेजारी.

"पाणी उरलंय का?" मी विचारलं.
"अर्धी बादली," ते म्हणाले.
"उद्या उशिरा येतं."