मचूळ

चार नंबरच्या टाकीत आज
लिटरमागे बारा ग्रॅम.
रेबेलो मॅडमनी वहीत लिहून दिलंय.
मी काट्यावर मोजतो,
चमच्याच्या टोकानं कण कण कमी करत.
भांडुपच्या मिठागरात
बा लाकडी पावड्यानं ढीग ओढायचा,
टोपलीला ग्रॅम नव्हते.

कासव क्रॉफर्ड मार्केटातलं,
कानामागे लाल पट्टी.
कुणाच्या तरी पोराची हौस फिटल्यावर
कलिन्याच्या गेटवर बादलीसकट आलं.
बादलीवर खडूनं नाव होतं, गुंड्या.
इथे ते चार-अ.

पहिल्या आठवड्यात खाणं सोडलं.
दुसऱ्यात विटेवर चढून बसलं, मान आत.
तिसऱ्यात आपणहून उतरलं.

मॅडम म्हणतात, डोळ्यामागे एक ग्रंथी असते,
गोड्या पाण्यात नुसती डोळा ओला ठेवते.
पाणी खारं होत गेलं
की तिच्या पेशी बदलतात का,
किती, कितव्या दिवशी,
तेच बघायचंय.
मी विचारलं, तिला कळतं कसं?
म्हणाल्या, तेच तर.

बाचे डोळे बारा महिने लाल.
ऊन वरून यायचं आणि मिठावरून उसळून खालूनही.
म्हणायचा,
डोल्यान मीठ गेलं का डोला शाना होते.
पुढे मोतीबिंदू झाला.
शाना काही झाला नाही.

टाकीचं जुनं पाणी मोरीत,
मोरीतून नाल्यात, नाला मिठीत.
नदीला मिठी म्हणणाऱ्यानं
ती कुठे चाखली होती कोण जाणे.
भरतीला माहीमची खाडी तिच्यात वर चढते,
तेव्हा लिटरमागे किती,
कोणी मोजत नाही.

येत्या सोमवारी चार-अ.
काचपट्ट्या धुऊन ठेवायच्यात,
फॉर्मलिनची बाटली काढून ठेवायचीय.
ग्रंथी बाहेरून बघता येत नाही.
मला माहीत होतं.
बादली हातात घेतली तेव्हाच माहीत होतं.

आज त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
पांढरट, चिकट काही आलं.
झाडू थांबवून यमुनाताई म्हणाल्या,
रडतंय बघ मुकं बिचारं.
मी म्हटलं, नाही, काम करतंय.
आणि वहीत वेळ लिहिली, पाच चाळीस.

त्या गेल्यावर
टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.
मचूळ. बारा.
मीटर साडेबारा म्हणाला.
मीटर पुसला,
पुन्हा बुडवला.
बारा.