पसंतीक्रम

सालेकशाच्या पुढे, पिपरटोल्यात
रेंज फक्त खळ्यावर येते.
धानाच्या पुंजण्याला पाठ टेकून फॉर्म उघडला:
बेल्जियम. परिचारिका, वृद्धाश्रम.
भाषेचा वर्ग सहा महिने, खर्च त्यांचा.
तीन गावं, तीन चौकोन,
सोमवारपर्यंत पसंतीक्रम लिहून पाठवा.

गेंट. तिथे डच.
लिएज. तिथे फ्रेंच.
ऑइपेन, इवलंसं, तिथे जर्मन.

देश केवढा?
टेकचंददादाने मोबाइलवर मोजून सांगितलं,
आपल्या विदर्भाचा तिसरा हिस्सा,
आणि तेवढ्यात भाषेवरून कुरबुरी.
"मंग काहेला झगडा करसेत?"
मायने विचारलं,
पायलीचा आकडा न चुकवता.

जिन्सी चेची कोट्टायमहून म्हणते, गेंट लिही,
आपल्या सहा मुली आहेत तिथे,
रविवारी मिळून मासे करतात.
एजंट म्हणतो ऑइपेन,
अर्ज कमी, व्हिसा लवकर.
दादा भाडं बघतो, थंडी बघतो,
नकाशावर बोटाने नाल्यासारखी एक रेघ ओढतो:
इथून पलीकडे गावाचं नावसुद्धा बदलतं म्हणे,
लिएजचं पाटीवर लाउक होतं.

त्यात काय.
घरी आम्ही म्हणतो 'से',
शाळेत 'आहे',
सालेकशाच्या बाजारात 'हाय',
गोंदियाच्या फलाटावर 'है',
डोंगरगडच्या मामीकडे 'हवय'.
आणि पाचही ठिकाणी
मायला अजून कोणी वजनात फसवलेलं नाही.

मला मात्र खाट नंबर अकरा आठवते.
गोंदियाचा दवाखाना, रात्रपाळी,
कोरचीकडचे मंगरू कुमरे,
डोक्यात रक्त साकळलेलं.
दुपारी लेक सांगून गेला होता,
बाबाले मराठी येते, हिंदी येते,
चाळीस वर्षं फडीवर तेंदूची पुडकी मोजली.
त्या रात्री दोन्ही गेल्या होत्या.
ते नुसते म्हणत होते,
येर. येर.

मी ऐकलं, ये रं.
वाटलं, लेकाला बोलावतात.
लेक नव्हता, म्हणून मीच गेले.
तीनदा गेले. हात धरून बसले,
पांघरूण सारखं केलं,
म्हटलं, मी हाय न बाबा, इथंच हाय.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
विहिरीपाशी आलेल्या माणसाने
दोर नसलेल्या रहाटाकडे पाहावं तसं.

पहाटे सफाईची सुकमाबाई आली.
बादली ठेवली, ऐकलं,
आणि चमच्याने त्यांच्या ओठांना पाणी लावलं.
एक चमचा, दुसरा, अकरावा.
मग फरशी पुसता पुसता म्हणाली,
येर म्हणजे पानी, सिस्टर.
गोंडी होय ते.

एजंटला फोन केला,
विचारलं, तिथले म्हातारे रात्री काय मागतात?
त्याला वाटलं थट्टा.
म्हणाला, म्याडम, पगार बघा.

मग मोबाइललाच पाणी विचारलं.
डच: वाटर.
जर्मन: वासर.
दोन्ही ओळखीचे, इंग्रजीचे चुलतभाऊ,
पाठ करायला रात्रही लागणार नाही.
फ्रेंच बाई नुसती म्हणाली,
ओ.

चुकलं असेल म्हणून पुन्हा दाबलं.
ओ.

मायने पायली खाली ठेवली, वळून पाहिलं.
"कोनला ओ देसेस, बाई?
हाक तं कोनी मारी नाही."

लिएजपुढे एक लिहिला.
बाकीचे दोन चौकोन दादाने
भाडं बघून भरले.
खाली नाव टाकलं,
योगेश्वरी चैनलाल रहांगडाले,
त्यांच्या रकान्यात मावेना, शेवटचा ले बाहेर राहिला.

पाठवायच्या वेळी रेंज गेली.
मोबाइल हातभर उंच धरून
मी पुंजण्यावर चढले.
खालून माय ओरडत होती,
लोंब्या तुटतात, उतर.